नाइट गार्ड

सोहारच्या मासळीबाजारामागे
दातांचा डॉक्टर बसतो, अलेप्पोचा.
आरसा तोंडात फिरवून म्हणाला,
मॅडम, तुम्ही झोपेत ग्राइंड करता.
मी मनात म्हटलं, दळते.
दळणं चांगलं. बायामाणसांचं काम.
तो म्हणाला, दाढांची टोकं सपाट झालीत
साठीतल्यासारखी, आणि तुम्ही छत्तीस.
कशाचा राग आहे?
मी हसले, तोंड उघडंच होतं.
राग आणि मी?
आमच्या लॅबमध्ये कुणालाही विचारा.

दिवसाला ऐंशी जणांचं रक्त काढते,
तान्ह्या बाळाचीही शीर एका टोचणीत सापडते.
बाळ किंचाळतं, त्याची आई भिंतीकडे बघते.
मी सुईकडे.
मारिविक म्हणते, तुझे हात बर्फासारखे.
एसी, मी म्हणते.

गुरुवारी वन्संसाठी खोका भरला.
दोन ब्लँकेटं, जाड त्यांचं.
दूध पावडर, बदाम, सांधेदुखीचं तेल,
हलवा, भरपूर केशर घातलेला.
आणि उदाचं अत्तर, तीस रियालचं,
जे मी स्वतःसाठी म्हणून
चार वेळा उचलून परत ठेवलं होतं.
वन्संसाठी काहीही.
त्यांनी माझा निहार सांभाळलाय,
दीड वर्षाचा होता तेव्हापासून,
कर्ज फिटेपर्यंत म्हणून.
आता सहाचा आहे.

गेल्या महिन्यात व्हिडिओवर
तो शाळेतली कविता म्हणून दाखवत होता, मध्येच अडला,
मागे वळला,
आई, पुढे काय गं?

मी तोंड उघडलं. पुढची ओळ मला येत होती.
वन्संनी सांगितली.

नाही, काही वाटलं नाही.
उलट बरंच वाटलं,
पोर अंगानं भरलंय, हसतंय, आणखी काय हवं.
फोन ठेवला आणि रफीकुलवर ओरडले,
फरशी ओली ठेवतोस, कुणाची मान मोडली म्हणजे?
फरशी कोरडी होती.
त्याने निमूट पुन्हा पुसली.
त्याच रात्री मी भिशी लावली,
वन्संच्या पाटल्यांसाठी.

कार्गोवाला बशीर काट्याकडे बघतो.
एकतीस किलो, चेची. एक जास्त. काही काढू?
नको, पैसे घे.
बॅटरी आहे? गॅसचं काही?
नाही.
पेट घेण्यासारखं?
नाही म्हटलं ना.
अत्तराबद्दल मी बोलत नाही.

तो तपकिरी टेप ओढतो,
करकर थेट माझ्या जबड्यात.
आणखी एक वेढा दे, मी म्हणते.
आणखी एक.
चेची, त्यांना उघडताना जड जाईल.

जाऊ दे.

तो मान वर करतो.
म्हणजे, मी म्हणते, वाटेत फुटायला नको.
आणि मार्करने ठळक अक्षरांत
वन्संचं पूर्ण नाव लिहिते,
मु. पो. फुणगूस.
रेघ दोनदा गिरवते.

गार्ड मिळाला, निळ्या डबीत.
माझ्याच दातांचा पारदर्शक साचा,
धुऊन ठेवला की वाटतं
कुणीतरी पाण्यात हसतंय.
सतरा दिवसांत उजवीकडे भोक पडलं.
डॉक्टर म्हणाला, जाड देतो.

काल वन्संचा आवाज आला, धापा टाकत, आनंदाने.
खोका पोचला गं! केवढी ती टेप!
सुरी सापडेना, तर निहारने दातांनीच ओढली,
आणि पडला की पुढचा दात!
पहिला!
आम्ही दोघांनी मिळून कौलांवर फेकला.

तीनदा ऐकलं.
तिसऱ्या वेळी शब्द आपोआप आला,
दळणं नव्हे,
माझी आजी वापरायची तो,
वडिलांच्या भावकीबद्दल, सुपारी कातरताना:
दातओठ खाणं.
डॉक्टरला हे सांगता येणार नाही.
अरबीत याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

मी वन्संना लिहिलं, अय्या, किती छान.
हसरे चेहरे लावले, तीन.
मग जाड गार्ड चढवला
आणि दिवा मालवला.